कामानिमित्तची फिरती : मूल होण्याआधीच्या दौऱ्यांच्या आठवणी

तलम

मुलगी आता पावणेचार वर्षांची आहे. ती होण्याआधी बरीच वर्षं मी घरगुती कापडाच्या निर्यातीत क्वालिटीचं काम केलं. चादरी, टॉवेल, पडदे, टेबलक्लॉथ. माल बंदराकडे निघायच्या आधी कारखान्यात जाऊन तपासायचा आणि पास-नापास ठरवायचं. त्यामुळे महिन्यातला मोठा भाग मुंबईबाहेर जायचा. इचलकरंजी, सोलापूर, तामिळनाडूतलं करूर, कधी पानिपत. आता मी त्याच क्षेत्रात आहे, पण ऑफिसात बसून. नमुने कुरियरने टेबलावर येतात. हा बदल मी विचार करून केला आणि तो मला पटलेला आहे. तरी त्या दौऱ्यांची आठवण फार येते. कुणाजवळ काढली की समोरचं माणूस लगेच विचारतं, "मुलीमुळे अडकल्यासारखं होतंय का?" मला तसं काही सांगायचंच नसतं. मला त्या गावांबद्दल बोलायचं असतं. इथे बोलता येईल असं वाटलं.

इचलकरंजीपासून सुरुवात करते. रात्री मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी मिरजेला जाग यायची, मग जयसिंगपूर आणि हातकणंगले. तिथे उतरून पुढे रिक्षा नाहीतर वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेणारी गाडी. गावात शिरलं की गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट. पहिल्या दिवशी तो कानात बसतो, दुसऱ्या दिवशी ऐकूही येत नाही, आणि लाइट गेली की एकदम सगळं गाव थांबल्यासारखं वाटतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्यांना पाठबळ दिलं, हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी ऐकलं ते माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबरकाकांकडून. ते मागाखाली अर्धे आडवे होऊन पाना फिरवत होते आणि बोलणं चालू होतं. गावाचा इतिहास सांगावा तर असा, हात कामात असताना.

माझं काम तसं रुक्ष. थान तपासणी टेबलावरून ओढत न्यायचं, दोष दिसला की गुण द्यायचा. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला १, सहापर्यंत २, नऊपर्यंत ३, त्याहून लांब असेल तर ४. शंभर चौरस यार्डांत ४० च्या वर गुण गेले की सहसा थान नापास. मग जीएसएम कटरने गोल तुकडा काढायचा. तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचा असतो, त्याचं ग्रॅममधलं वजन शंभराने गुणलं की एका चौरस मीटर कापडाचं वजन, म्हणजेच जीएसएम, मिळतं. पण या टेबलाभोवती जी माणसं भेटली, ती मला दुसऱ्या कुठल्या वाटेने भेटली नसती. कांड्या भरणाऱ्या बायका, मागावर ताणा (उभे धागे) जोडणारे वहिफणीवाले, घडीवाले, हिशेब सांभाळणारे दिवाणजी. हजारो ताण्यांमधला एक तुटलेला धागा वहिफणीवाला बोटानेच शोधून काढायचा. मी नापास केलेल्या थानाबद्दल ज्यांच्याशी दुपारी हुज्जत झाली, तेच दिवाणजी संध्याकाळी "मॅडम, वाडीला जाऊन या की, जवळच हाय" म्हणून स्कूटर आणि सोबत पुतणीला पाठवायचे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर जरा बसायचं आणि येताना कवठाची बर्फी घ्यायची. कवठाची बर्फी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांना तो आंबटगोड वास शब्दांत सांगणं अवघड आहे.

सोलापूरला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी सकाळी उतरायचं. पूर्व भागात गेलं की कानावर तेलुगू येतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे पद्मशाली विणकर घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि पावण्याला बघून हिंदी बोलतात. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरीची नक्षी उतरताना तासन्‌तास बघत राहावं अशी. दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका बोटं न थांबवता आमच्याशी बोलायच्या. जेवायला कडक भाकरी आमटीत चुरून, बाजूला शेंगाची चटणी आणि दही.

करूरला मला भाषेचा एक शब्द येत नव्हता. कोइम्बतूरपर्यंत विमान, पुढे रस्त्याने. पण वार्प, वेफ्ट, रीड, पिक हे विणकामातले शब्द तिथेही तेच. तपासणीच्या टेबलावर सगळ्या बायका. दिवसभर आम्ही बोटांनी बोललो. संध्याकाळी त्यातल्या एकीने दारावरच्या फूलवालीकडून मोगरा घेतला. तिथे फुलं हाताने मोजून देतात, कोपरापासून बोटांपर्यंत एक मुळम. तिने दोन मुळम घेतले आणि एक माझ्या केसात माळला.

आता आम्ही तिघं सुट्टीला जातो, छान जातो. पण सुट्टीला गेलं की गावाची बघण्याजोगी बाजू दिसते. कामाला गेलं की ते गाव पोट कशावर भरतं ते दिसतं. मला आठवण येते ती ह्याची.

तुमची फिरती कुठे होती? कसल्या कामासाठी? कोण भेटलं, काय खाल्लं? सविस्तर लिहा, वाचायला मी आहे.

गिरणाकाठ

तलमताई, फार जवळचा विषय काढलात. मी बाबा आहे, मुलगा सहा वर्षांचा. लग्नाच्या आधीपासून मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, हेडक्वार्टर जळगाव. आमच्या टूर प्रोग्रॅममध्ये गावांचे तीन प्रकार असतात. हेडक्वार्टर, सकाळी जाऊन रात्री परत यायचं ते एक्स-स्टेशन, आणि मुक्काम पडतो ते आउटस्टेशन. भत्ता त्यानुसार बदलतो. चोपडा, अमळनेर माझं एक्स-स्टेशन. शिरपूर, शहादा, नंदुरबार आउटस्टेशन.

डॉक्टरसाहेब ओपीडी संपल्यावर भेटतात, म्हणजे एमआरचं आयुष्य बाकावर जातं. त्या बाकावर मी पेशंटांच्या शेजारी बसलेला असायचो. शहाद्याच्या दवाखान्यात सातपुड्यातून आलेली कुटुंबं असायची, पहाटे निघून जीपने उतरलेली. त्यांची पावरी नाहीतर भिलोरी, माझी अहिराणी. अर्धंमुर्धं कळायचं. मी ज्या औषधाचं डिटेलिंग पाठ करून आलेलो असायचो, ते शेवटी कुणाच्या हातात जातं हे समोर बसलेलं असायचं. सेल्सच्या मीटिंगमध्ये हे कधी दिसत नाही. तुम्ही म्हणता ते "पोट कशावर भरतं" मला नंदुरबारला दिसलं. हिवाळ्यात गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात. जिकडे पाहावं तिकडे जमीन लाल. मोटरसायकलवरून जाताना डोळ्यांत पाणी येतं, घसा खवखवतो, आणि तिथेच बायका दिवसभर बसून मिरची खुडत असतात. पुढे घरात लाल तिखट संपलं की मला ती पथारी आठवते.

आणि भरीत. आमच्याकडे हिवाळ्यात भरीत म्हणजे सोहळा असतो. बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत (लाकडी भांड्यात) कुटलेली, वरून कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सोबत कळण्याची पुरी. अमळनेरचे एक स्टॉकिस्ट मला दर डिसेंबरात शेतावर घेऊन जायचे. त्यांच्याकडून एकही मोठी ऑर्डर मिळाली नसती तरी मी गेलो असतो.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मुलगा झाल्यावरही वर्षभर मी फिरत होतो आणि त्या वर्षात मला एकाही माणसाने विचारलं नाही की बाळाला कोण बघतं. माझी बायको शिक्षिका आहे. ती एका दिवसाच्या प्रशिक्षणाला नाशिकला गेली तेव्हा घरचे, दारचे, शाळेतले, सगळ्यांनी तिला हेच विचारलं. फिरती मी सोडली कारण मुलगा माझ्याशिवाय झोपायला शिकला होता आणि ते मला सहन होईना. पण मला कुणी विचारलं नाही, ही गोष्ट मला आजही बोचते. बापालाही विचारायला हवं होतं.

सांजवात

वाचतेय. दोन्ही प्रतिसाद सुंदर. कवठाच्या बर्फीसाठी +१.

ताळेबंद

मी सीए. आर्टिकलशिपपासून (सीए होण्याआधीच्या उमेदवारीपासून) ते पोटात बाळ असेपर्यंत दर एप्रिलला बँकांच्या शाखांचं ऑडिट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३१ मार्चला बँकेचं वर्ष संपतं आणि एप्रिलच्या पहिल्या दिवसांतच शाखाशाखांवर ऑडिटर पाठवतात. वेळ फार थोडा असतो. आमच्या फर्मकडे पूर्व विदर्भातल्या शाखा यायच्या. भंडारा, गोंदिया, तुमसर, साकोली. मी पुण्याची. एप्रिलात तिकडे जाणं म्हणजे काय, हे घरच्यांना कळेना. आई दरवर्षी कांदा बरोबर द्यायची, खिशात ठेवायला.

दिवसभर शाखेत. आधी रोकड मोजायची, मग सोनंतारणाची पाकिटं, मग पीककर्जाच्या फायली, थकीत खाती. दुपारी बाहेर रस्त्यावर माणूस नसायचा. कूलरसमोर वाळ्याचा वास आणि फायलींची धूळ. पण पहाटे. साकोलीच्या पुढे एका शाखेत जायला मी मोटारीने पहाटे निघायचे तेव्हा मोहाच्या झाडांखाली लोक टोपल्या घेऊन फुलं वेचत असायचे. मोह रात्रीतून गळतो, म्हणून वेचणी पहाटेची. हवेत तो दाट गोड वास. शाखेत बसल्यावर कर्जाच्या अर्जात "उत्पन्नाचं साधन" ह्या रकान्यात शेतमजुरी, धान, तेंदूपत्ता, मोहफुलं असं लिहिलेलं दिसायचं आणि सकाळचे चेहरे त्या रकान्यात बसायचे. तुमसरच्या बाजूला चिखला, डोंगरी बुजुर्ग इथे मँगनीजच्या खाणी आहेत, तिकडच्या शाखेतली खाती वेगळीच. पगार नियमित जमा, थकबाकी कमी. एका जिल्ह्यात, थोड्याशा अंतरावर दोन जगं, आणि ती दोन्ही मला खातेवहीतून दिसली.

तलम, तू म्हणतेस ते मला अर्धं पटतं. गावं मलाही आठवतात. पण मला त्याहून जास्त आठवते ती तिथली मी. पंचविशीतली मुलगी, समोर माझ्या वडिलांच्या वयाचे शाखाधिकारी, आणि एखादं खातं थकीत दाखवायचं की नाही यावर ते माझ्या उत्तराची वाट बघतायत. मी त्यांना नियम वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली, खातं थकीत गेलं. जेवायला मात्र त्यांच्याच घरी. वहिनींनी वाढलेली पाटवडी आणि त्याचा झणझणीत रस्सा, वर भाताचा डोंगर, कारण तिकडे जेवण म्हणजे भात. रात्री लॉजवर आल्यावर माझ्यावर एकाच गोष्टीची जबाबदारी असायची, उद्याची शाखा. सगळं डोकं एका जागी लावता यायचं. घरी आता माझं डोकं एकाच वेळी सात ठिकाणी असतं. मुलं, त्यांचे डबे, सासूबाईंची औषधं, रिटर्नच्या तारखा. त्यातलं काही मला नको आहे असं नाही. पण ते एका जागी लागलेलं डोकं मला हवंसं वाटतं, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

पहाटदव

सगळं वाचून डोळे भरले, कारण मी अगदी उंबऱ्यावर आहे. बाळ आठ महिन्यांचं. मी औषधनिर्मितीच्या यंत्रांच्या कंपनीत आहे. आधी महिन्यातून कितीदा तरी कारखान्यांत जायचे. हैदराबाद, बद्दी, गोवा. यंत्र बसवून झालं की ते चालतं हे सिद्ध करून, कागदांवर सह्या घेऊन परतायचं. गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीत यंत्र पहिल्यांदा सलग चाललं तेव्हा ऑपरेटरांनी कँटीनमधून सगळ्यांसाठी पाव-भाजी आणि चहा आणला होता. पहाटे चार वाजता आम्ही उभ्या उभ्या खाल्लं. तो आनंद अजून अंगात आहे.

आता इंदूरजवळ पिथमपूरला दोन रात्रींचा दौरा आलाय, जानेवारीत. जायची फार इच्छा आहे. नवरा आणि आई घरी आहेत, बाळ वरचं खातं, पण अंगावरही पितं. दुधाचं काय करायचं? कुणी केलंय का हे? आणि इच्छा आहे हेच मोकळेपणी म्हणता येत नाहीये, तेही इथे लिहून टाकते.

कातळ

पहाटदव, इच्छा आहे तर जा. दुधाचं मी खाली नीट लिहिते. आधी तलमताईंच्या प्रश्नाचं उत्तर, नाहीतर राहून जाईल.

मी भूवैज्ञानिक. एका संस्थेतर्फे मराठवाड्यात भूजलाच्या कामावर होते, बीड आणि लातूर जिल्हे. केज, अंबाजोगाई, रेणापूर, औसा. आमच्या कामाचं वेळापत्रक पाण्याने ठरवलेलं. निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी मोजायची. पाऊस संपल्यावर विहीर किती भरली, रब्बीत किती उपसली, उन्हाळ्यात कुठे तळ गाठला, हे त्या चार आकड्यांत येतं. काठावर ठरलेल्या खुणेपासून टेप सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा लिहायचा. इतकंच. पण त्याच त्या विहिरींवर पुन्हा पुन्हा गेल्यामुळे त्या विहिरींची माणसं ओळखीची झाली. रेणापूरजवळच्या एका आजीला मी टेप सोडायच्या आधीच आकडा माहीत असायचा. किती पायऱ्या उघड्या पडल्या त्यावरून ती सांगायची, आणि मी मोजलं की फारसा फरक निघायचा नाही. विहीर खणणाऱ्या माणसांकडून मी जेवढा दगड शिकले तेवढा विद्यापीठात शिकले नाही. वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा पट्टा. हा लाल पट्टा म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधली जुनी, भाजलेली माती. तो कुठे लागतो यावर आजूबाजूच्या विहिरींचं बरंच गणित असतं. खणणारे त्याला हात लावून सांगायचे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा मी तिथेच होते. त्या मे महिन्याच्या नोंदवहीत विहिरीमागून विहिरीपुढे "कोरडी" असं एकच लिहिलेलं आहे. त्याला गोड आठवण म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, आणि ऑक्टोबरात टेप सोडल्यावर हाताला लागलेलं ते पाणी माझ्या नोकरीतली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. आजीने त्या दिवशी मला दुपारी निघू दिलं नाही. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, तेलात कालवलेलं जवसाचं तिखट. परत परत एकाच ठिकाणी जाणं, हे मला फिरतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कौटुंबिक सहलीत माणूस एक जागा एकदा बघतो आणि पुढे जातो.

आता दूध. माझा मुलगा नऊ महिन्यांचा असताना मी एक दौरा केला, म्हणून अनुभवाचं सांगते. जायच्या आधी महिनाभर रोज एकदा जास्तीचं काढून फ्रीझरमध्ये साठव, म्हणजे घरी दोन दिवस पुरेल. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये ४ दिवस, आणि गोठवलेल्या आइसपॅकसह चांगल्या कूलर बॅगेत २४ तास. जानेवारीत तुला हवेची साथ आहे. हॉटेल ठरवतानाच खोलीत फ्रिज आहे का आणि आइसपॅक त्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवतील का ते विचार. विमानतळावर तपासणीला बॅग देतानाच "आईचं दूध आहे" असं सरळ सांग. पंप हातातल्या बॅगेत ठेव, सामानात नको. सगळ्यात महत्त्वाचं, परत आणता आलं नाही तरी तिकडे वेळेवर दूध काढत राहा. दोन वेळा चुकल्या तर छाती दगडासारखी होते, तापही येऊ शकतो. कारखान्यात पोचल्यावर पहिल्या तासातच तिथल्या एखाद्या बाईला गाठून बंद होणारी खोली मागून घे. प्रथमोपचार खोली बऱ्याच मोठ्या कारखान्यांत असते. मागताना लाजू नकोस.

आणि कायद्याचंही माहीत असू दे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्या, हे कायद्यात आधीपासूनच आहे. जावंसं वाटत नसेल तर नाही म्हणायलाही ह्याचा आधार होतो.

रविवारचा बाजार

मला मूल नाही, पण दुसऱ्या बाजूचं सांगावंसं वाटलं. माझे बाबा टेलिफोन खात्यात होते. नवी एक्स्चेंज बसवायला महिनोन्‌महिने बाहेर. मी लहान असताना महाराष्ट्राचा आणि शेजारचा नकाशा त्यांच्या पिशवीतून शिकलो. साताऱ्याचे कंदी पेढे, बेळगावचा कुंदा, नागपूरची संत्री, सावंतवाडीची लाकडी खेळणी. ते जिथे गेले तिथल्या एसटी स्टँडची माहिती द्यायचे, कुठल्या कँटीनची मिसळ चांगली, कुठल्या लॉजमध्ये पाणी गरम. मला ते सगळं तोंडपाठ होतं.

आई एकटीने आम्हा दोघांना सांभाळायची. तिचा त्रास तेव्हा आम्हाला कळला नाही. बाबा मात्र निवृत्त झाल्यावर एकदा म्हणाले की एक्स्चेंज सुरू झालं की त्यावरून पहिला फोन ते घरी लावायचे, शेजाऱ्यांकडे, कारण आमच्याकडे फोन नव्हता. मला ते फोन आठवतात. शेजारच्या काकू हाक मारायच्या, आम्ही पळत जायचो, बाबा म्हणायचे, "ऐकू येतंय का? स्पष्ट येतंय का?" मला वाटायचं ते आमची चौकशी करतायत. ते लाइन तपासत होते आणि चौकशीही करत होते. दोन्ही खरं होतं.

तलम

रविवारचा बाजार, हे वाचून मी थोडा वेळ काहीच लिहू शकले नाही. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

ताळेबंद, तुझं म्हणणं मला पुरतं पटलं. मी गावांबद्दल लिहिलं, पण ती गावं इतकी नीट दिसली कारण बघणारीचं डोकं एका जागी होतं. पानिपतला जुन्या कपड्यांचे डोंगर बघितले होते मी. परदेशातून आलेले लोकरी कपडे. बायका बसून त्यांची बटणं, चेन कापतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग ते फाडून, पिंजून पुन्हा सूत आणि त्याची स्वस्त घोंगडी. रंगांचे ढीग लावल्यामुळे पुन्हा रंगवावं लागत नाही. त्या ढिगांपुढे मी अर्धा दिवस उभी होते, कुणी मला बोलावलं नाही, कुणाला माझी घाई नव्हती. आज तिथे नेलं तरी मनाचा एक कोपरा घड्याळाकडे असेल.

गिरणाकाठ, तुम्ही बापाला विचारायला हवं होतं म्हणालात ते घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "मलाही कुणी विचारलं नाही." त्यावर आम्ही रात्री बराच वेळ बोललो. त्यातून असं ठरलंय की मार्चपासून सोलापूरचे दौरे मी पुन्हा घ्यायचे, रात्रीची सिद्धेश्वर, एक मुक्काम, आणि त्या दिवसांत तो घरून काम करणार. साहेबांना विचारलं आहे, हो म्हणालेत.

पहाटदव, जा गं. आणि आल्यावर इथे लिही.

पहाटदव

कातळताई, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. हॉटेलला फोन केला, फ्रिज आहे, आइसपॅकही ठेवतील. कारखान्यातल्या एचआरच्या बाईंशीही बोलले. त्या स्वतःहून म्हणाल्या की प्रथमोपचार खोलीला आतून कडी आहे. तिकीट काढलं! जानेवारीचा दुसरा आठवडा. इंदूरला मी कधीच गेलेले नाही. संध्याकाळ एकच हाताशी आहे. इंदूरकर कुणी आहेत का इथे?

राजवाड्यामागे

आहोत ना! जन्म इंदूरचा, होळकरांच्या काळापासून आमचं घर तिथे. पिथमपूरहून शहरात यायला संध्याकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास धर. हॉटेलवर आधी तुझं दुधाचं आटप, थोडी झोप काढ, कारण सराफा रात्रीच बघायचा असतो. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं असतात, ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. राजवाड्यापासून चालत जाता येतं. एकटी बाई म्हणून काळजी करू नकोस, तिथे रात्री सगळं कुटुंबांचंच राज्य असतं.

भुट्ट्याचा कीस आधी खा. कोवळ्या मक्याचा कीस तुपात परतून दुधात शिजवतात, वर लिंबू, कोथिंबीर आणि जिरावण, म्हणजे इंदुरी मसाला. दहीवडा घेतलास तर देणारा दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलेल, ते बघ. आणि जानेवारीत जातेस म्हणून गराडू चुकवू नकोस. हा कंद फक्त थंडीत मिळतो, दोनदा तळून वर लिंबू आणि मसाला. गरमच खायचा, गार झाला की मजा गेली. परतताना जिरावणाचं पाकीट घे, घरी पोह्यांवर होईल. पोहे सकाळी विमानतळाकडे निघायच्या आधी जिलबीबरोबर खाऊन घे, सात वाजता गाड्या लागलेल्या असतात.